आतलं

मुखपृष्ठ दुपारीच आलं होतं. शीलाला कुणी दाखवलं नव्हतं.

प्रकाशक रामप्रसाद स्कूटरवरून आले तेव्हा ती मागच्या अंगणात संस्कृतीला अंघोळ घालत होती. अर्धी बादली पाणी, तेही उकळून निववलेलं. बायपासच्या पलीकडच्या या नव्या वस्तीत घरं उठली होती, रस्ते उठले होते, नळाला मात्र यंदा नुसती हवा यायची. टँकर कुठल्या विहिरीवर भरतो ते टँकरवालाही सांगत नव्हता, आणि मागच्या आठवड्यात पोरीला जुलाब होऊन गेले होते. पाण्याचा एक थेंब तोंडात जाऊ नये म्हणून शीलानं डाव्या हाताची ओंजळ पोरीच्या ओठांवर धरली होती. तेवढ्यात पुढच्या खोलीतून रामप्रसादांचा आवाज आला.

"साहेब, काम एकदम फस्क्लास झालंय. बघा तर खरं."

कागदाची सळसळ झाली. मग कुणीच काही बोललं नाही.

ती शांतता शीलाला आवडली नाही. पोरीला टॉवेलात गुंडाळून ती पुढं आली, तोवर मुखपृष्ठ पुन्हा खाकी कागदात गेलं होतं आणि तात्यासाहेब ते टेबलाच्या खणात सरकवत होते.

"छान झालंय का, तात्या?"

"संध्याकाळी सगळ्यांसमोरच उघडू. आधी बघितलं की मजा जाते." तात्यासाहेब तिच्याकडं न बघता नातीच्या ओल्या केसांकडं बघत म्हणाले, "पूस तिला नीट. सर्दी व्हायची."

आज संस्कृतीचा पहिला वाढदिवस होता आणि त्याच मांडवात सासऱ्यांच्या नव्या कादंबरीचं मुखपृष्ठही उघडायचं होतं. दोन्ही एकाच दिवशी करायची कल्पना तात्यासाहेबांचीच. खर्च एकदाच होतो, असं ते म्हणाले होते. शीलाला त्यातलं दुसरंच ऐकू आलं होतं. नात आणि पुस्तक, दोन्ही हिचीच, असं.

या घरात कादंबरी दोन हातांनी व्हायची, आणि हे घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं. लढाया, तह, घोडदळ, किल्ल्याचे दरवाजे, दरबारातले मुजरे हे सगळं 'बाहेरचं'. ते तात्यासाहेब लिहायचे. त्यासाठी त्यांनी दौलताबादचा किल्ला उन्हातान्हात पालथा घातला होता. दार लावून घेऊन छत्री तलवारीसारखी धरायची आणि कुठल्या वाराला माणूस कुठल्या अंगावर पडेल ते स्वतः पडून बघायचं, हे त्यांचं सकाळचं काम. धप्प आवाज आला की त्यांची मुलं, द्वारका आणि सत्यम, लहानपणी म्हणायची, मेला एक. पण नायक तंबूत शिरला आणि नायिकेनं मान वर केली की तात्यासाहेबांचं पेन थांबायचं. तिथं ते एक कोरा कागद घालायचे आणि त्याच्या कोपऱ्यात लाल शाईनं लिहायचे, 'आतलं. तंबूत. दोघंच. पहाटे घोडा तयार हवा.' तो कागद स्वयंपाकघरात जायचा. दुपारची भांडी झाली की शीलाच्या सासूबाई, वच्छलाबाई, तो भरून द्यायच्या.

मिसळणाचा डबा जसा न सांगता सुनेच्या हातात जातो तसंच 'आतलं' शीलाकडं आलं. वच्छलाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि एका दुपारी त्यांनी कोरा कागद तिच्यासमोर ठेवला. "मराठीत एम.ए. झालीस ना? भर."

तिनं भरला. पण ही नवी कादंबरी, 'कोरडी छावणी', वेगळीच निघाली. शहाजहानच्या फौजा दख्खनेत उतरल्या तेव्हाचा दुष्काळ, दौलताबादच्या पायथ्याशी अडकलेला एक जखमी शिलेदार, आणि मेंढरांचं सगळं खांड मेलेली सगुणा नावाची धनगरीण. सगुणा शीलानंच सुचवली होती. तिचे वडील मुंजाबा बिडकीनच्या माळावर मेंढरं राखत. आता त्या माळावर कारखान्यांसाठी रुंद रस्ते झाले, आणि ते खांड घेऊन कन्नडच्या घाटाकडं सरकले होते. तात्यासाहेबांचं बाहेरचं लवकर संपलं. दुष्काळात कोण कुणाशी लढणार? पुढं नुसते लाल शाईचे कागद येत राहिले. 'आतलं.' 'आतलं.' 'हेही आतलं.' पोरीला पायांवर झोपवून, मांडीवर पाटी घेऊन शीला ते भरत राहिली.

संक्रांतीच्या सुमारास तात्यासाहेबांनी सगळं सलग वाचलं आणि तिच्या नवऱ्याच्या, सत्यमच्या देखत म्हणाले, "शीला, हे पुस्तक माझ्यापेक्षा तुझं जास्त आहे. ह्या वेळी दोन नावं टाकू."

त्या एका वाक्यावर तिनं उन्हाळा काढला होता.

*

सत्यमनं मुखपृष्ठ पाहिलं होतं. तो गच्चीवर भाड्याच्या खुर्च्या मांडत होता आणि वैजापूरहून आलेली त्याची थोरली बहीण द्वारका कठड्याला टेकून त्याच्याकडं बघत होती.

"तोंड का पाडलंय? छान तर झालंय. तात्यांचं नाव बघ किती मोठं घेतलंय."

"आक्का, शीलाचं नाव नाय त्याच्यावर."

"नसंलच."

"तात्यांनी कबूल केलं होतं. मी होतो तिथं."

"तात्या लई कबूल करतात रे. मला दहावीला सायकल कबूल केली होती. ती अजून येतीय." द्वारकानं पदर खोचला आणि एक खुर्ची उघडून तिच्यावर बसली. "तू वाचलंय का ते पुस्तक?"

सत्यम वाळूजच्या कंपनीत शिफ्टला जायचा. त्यानं वडिलांचं एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नव्हतं.

"नाय ना वाचलं? मी वाचलंय. ती बाई त्या शिलेदाराची जखम धुती, इथपर्यंत ठीक. त्याच्या पुढचं मी तुझी बहीण असून तुला सांगू शकत नाय. आता सांग मला, त्याच्यावर दोन नावं. एक सासऱ्याचं, एक सुनेचं. वैजापूरला माझी सासू पुस्तक हातात धरून मला काय विचारंल? सासरा अन् सून समोरासमोर बसून हे लिहितात का गं तुमच्यात?"

"समोरासमोर कुठं? ती स्वयंपाकघरात लिहिती."

"ते मी घरोघर जाऊन सांगू का?"

सत्यमनं चार खुर्च्या उगाच पुन्हा सरळ केल्या. खाली गल्लीत टँकर मागं घेताना कुणीतरी ओरडत होतं, आन् दे, आन् दे, और आन् दे, बस्स. बायका हंडे घेऊन पळत होत्या.

"आईनं इतकी वर्षं लिहिलं," द्वारका म्हणाली. "तिनं मागितलं का कधी नाव?"

"मागितलं असतं तर?"

"तर आपली लग्नं झाली नसती, बाबा."

ती हसली नाही. सत्यमलाही हसू आलं नाही. त्याचं स्वतःचं लग्न ठरताना काय काय झालं होतं ते त्याला आठवलं. धनगराची मुलगी करतोयस, असं म्हणत चुलते बैठकीतून उठून गेले होते, तेव्हा तात्यासाहेबच एकटे त्याच्या बाजूनं उभे राहिले होते. त्या माणसाशी आता कसं भांडायचं, हे त्याला कळत नव्हतं. भांडायला हवं, हे कळत होतं. म्हणूनच तो खुर्च्या मांडत होता.

जिन्यात शीला भेटली. कडेवर पोरगी, हातात उकळलेल्या पाण्याची बाटली.

"तू बघितलंस ना?"

"काय?"

"सत्यम."

"नीट नाय बघितलं. घाईत होतो."

"नाव वाचायला किती वेळ लागतो?"

त्यानं पोरीच्या गालाला बोट लावलं. शीला एक पायरी वर सरकली आणि त्याचं बोट हवेतच राहिलं.

*

वच्छलाबाईंना सून येणार हे ठाऊक होतं. त्या पुऱ्यांचं पीठ मळत होत्या आणि शीलाचे आईवडील, मुंजाबा आणि राजाबाई, मागच्या दारात बसले होते. विहीणबाईंनी नातीसाठी काळ्या लोकरीची हातभर घोंगडी विणून आणली होती. राजाबाईनं माठातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि ते नातीच्या ओठांना लावणार, तेवढ्यात शीला धावली.

"माय, ते नको! बाटलीत आहे ना तिचं."

"आगं, तुम्ही सारी डबक्याचंच पिऊन वाढलाव."

"त्यातले दोन वाढले नाहीत, माय."

राजाबाईनं बोट पदराला पुसलं. मुंजाबांनी बायकोकडं बघितलं आणि म्हणाले, "आता ती सांगती तसं करावं. शिकल्याली हाय." दोघंही मग पुढं अंगणात, सावली बघून बसायला गेले.

शीला ओट्याशी आली. "आई, एकच नाव आहे ना त्याच्यावर?"

"मला कुणी दाखवलं नाही."

"पण तुम्हाला माहीत आहे."

वच्छलाबाईंनी पिठाला तेलाचा हात लावला. माहीत होतं. तात्यासाहेब सकाळी दात घासताघासता म्हणाले होते, लोकांना वाटेल आपल्याच्यानं आता होत नाही म्हणून सुनेला घेतलं. वच्छलाबाईंनी त्यावर हं केलं होतं.

"तुम्ही बोला ना त्यांच्याशी. अजून वेळ आहे, पुस्तक छापायचंय. तुमचं ते ऐकतात."

"माझं?"

"तुम्हाला तर माहीत आहे, आई, हे काय असतं. दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही."

तेच नेमकं वच्छलाबाईंना सहन झालं नाही. संक्रांतीच्या त्याच दिवशी, सून आत गेल्यावर, तात्यासाहेब त्यांना म्हणाले होते, "वच्छले, हिचं आतलं जिवंत आहे बघ. तुझ्या बायका जरा जास्तच रडायच्या." किती सहज म्हणाले. रडायच्या! लाल शाईनं 'निरोप' लिहून कोण पाठवायचं? दर पुस्तकात निरोप. घोडा तयार, निरोप. तुतारी वाजली, निरोप. एकदा त्यांनी एका सरदाराच्या बायकोला निरोपाच्या वेळी हसवलं होतं, तर कागद परत आला होता. कोपऱ्यात लाल शाईनं, 'अश्रू हवेत.'

"हे बघ," त्या म्हणाल्या, "तुझं नाव लागलं की लोक पहिलं काय विचारतील? आधीची कुणी लिहिली? मग मी काय करू? पुढं येऊन सांगू, की मी?"

"सांगा की! खरंच आहे ते."

"अन् मग तुझं अन् माझं शेजारी ठेवून वाचतील. म्हणतील, सून चांगली होती, सासू आपली रडकी."

"म्हणून तुम्ही बोलणार नाही?"

"माझ्या बाजूनं कुणी बोललं नव्हतं गं. माझ्या वेळी कुणी होतं का ओट्याशी उभं, माझ्यासाठी बोलायला?" स्वतःचा आवाज वाढलेला त्यांनाच ऐकू आला. त्यांनी पिठाचा गोळा आपटून ठेवला. "तेल तापलंय. लाटायला घे."

शीलानं पोळपाट ओढला. पहिली पुरी लाटली ती इतकी पातळ, की तेलात पडल्यापडल्या फाटली. वच्छलाबाईंनी ती झाऱ्यानं काढून बाजूला टाकली.

*

ऊन उतरल्यावर गच्ची भरली. केक कापला, पोरगी गर्दीला बघून रडली, तिला शीलानं खांद्यावर घेतलं. मग रामप्रसादांनी खाकी कागद फाडला आणि मुखपृष्ठ दोन्ही हातांनी वर धरलं. भेगाळलेली जमीन, मागं किल्ला, पुढं पाठमोरी बाई. वर तात्यासाहेबांचं नाव. खाली काही नाही.

टाळ्या झाल्या. वच्छलाबाई सुनेकडं बघत होत्या. शीलानं पोरीला उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घेतलं, एवढंच.

"साहेब, एक पान वाचा ना," रामप्रसाद म्हणाले. "ते वाचा, मला रडवलं ते."

वच्छलाबाईंना वाटलं, नेहमीसारखी लढाई वाचतील. तात्यासाहेबांनी चारचौघांत आतलं कधीच वाचलं नव्हतं. लाज वाटायची त्यांना. पण त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली आणि वाचायला लागले. आवाज अजूनही खणखणीत होता.

"रोज तिन्हीसांजेला सगुणा वाघर बांधायची. आत एकही मेंढरू उरलेलं नव्हतं. तरी ती खुंट्या ठोकायची, गाठी मारायची आणि पहाटे पुन्हा सोडायची. तिच्या हातांना दुसरं काही येत नव्हतं. त्या सांजेला शिलेदार बाहेर येऊन उभा राहिला. आत येऊ का, असं त्यानं विचारलं नाही. तिनं एक गाठ सोडली. मग दुसरी. मग ती बाजूला झाली."

शेजारचे निवृत्त मास्तर मान हलवत म्हणाले, "वा. साहेब, वा. फक्त एक शब्द अडला. वाघर म्हणजे काय?"

वच्छलाबाईंना माहीत होतं. हे पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यांनीही शीलाला हेच विचारलं होतं, आणि शीलानं दोरीचा एक तुकडा घेऊन ओट्यावर दाखवलं होतं. रात्री मेंढरांभोवती उभी करतात ती सुताची जाळी. लांडग्याला आत येऊ द्यायची नाही, कोकराला बाहेर जाऊ द्यायची नाही.

तात्यासाहेबांनी मात्र कधी विचारलं नव्हतं. आतल्या कागदांबद्दल ते काहीच कधी विचारत नसत. भरलेला कागद आला की ते शुद्धलेखन बघायचे आणि 'बाहेरच्या' दोन कागदांच्या मधे घालून द्यायचे.

त्यांनी क्षणभर चष्मा पुसला. सून तिथंच, हाताच्या अंतरावर उभी होती. तिच्याकडं एकदा बघितलं असतं तरी पुरलं असतं.

"वाघर," ते म्हणाले. "शब्द बघा किती जुना आहे. वाघ आणि घर. वाघाची गुहा. दुष्काळात रानं उजाड झाली, वाघ निघून गेले, आणि त्यांच्या रिकाम्या गुहांमधून माणसं राहायला लागली. सगुणा तिथं राहते. सांजेला काटेरी फांद्यांनी गुहेचं तोंड बांधते, पहाटे सोडते. विचार करा, काळ कसा असेल, की बाईला वाघाच्या घरात आसरा घ्यावा लागला!"

"क्या बात है!" रामप्रसाद ओरडले. मास्तरांनी उठून हात जोडले. टाळ्या आधीपेक्षा मोठ्या झाल्या. वच्छलाबाईंना कबूल करावं लागलं, की ऐकायला ते खऱ्यापेक्षा बरं वाटत होतं.

मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या खुर्चीवर गेली. मुंजाबा, ज्यांचं सारं आयुष्य वाघर बांधण्यात आणि सोडण्यात गेलं, तेही टाळ्या वाजवत होते. इतरांचं बघून, जरा उशिरा, पण जोरात. त्यांच्या शेजारी राजाबाई तोंडाला पदर लावून जमिनीकडं बघत होती.

*

पाहुणे जेवून गेले. पुढच्या खोलीत घरचेच उरले, आणि रामप्रसाद. शीला दारातल्या खुर्चीत बसून पोरीला बाटलीनं पाणी पाजत होती. इतक्या लोकांनी पोरीला घेतलं, कुणाकुणाचे हात लागले, कुणी काय चाटवलं असेल, हेच तिच्या डोक्यात फिरत होतं. दुसरं काही फिरू नये म्हणून ती तेच फिरवत होती.

"साहेब, ती वाघरची टीप पुस्तकात टाकू या," रामप्रसाद म्हणाले. "लोकांना फार आवडली. त्याच पानाखाली येईल."

"टाका की. शीला, लिहून दे त्यांना, मी सांगितलं तसं." तात्यासाहेब खुशीत होते. "आणि हो, तुझाही उल्लेख घेतलाय बरं का. रामप्रसाद, दाखवा तिला."

रामप्रसादांनी छपाईचं प्रूफ पुढं केलं. ऋणनिर्देशाच्या शेवटी एक ओळ होती. 'चि. सौ. शीला हिनं हस्तलिखिताची सुवाच्य प्रत करून दिली.'

शीलानं ती वाचली. बाटली खाली ठेवली.

"सुवाच्य," ती म्हणाली.

"अक्षर सुंदरच आहे तुझं," द्वारका पटकन म्हणाली. "लहानपणापासनं असंल."

"तात्या, तुम्ही दोन नावं म्हणाला होतात."

तात्यासाहेबांनी सत्यमकडं पाहिलं, जणू ही जबाबदारी त्याची होती.

"म्हणालो होतो. खोटं नाही बोलत मी. पण पोरी, ह्या घराला एक नाव आहे, ते उभं करायला मला किती वर्षं लागली. आणि ह्यात जे काही लिहिलंय, ते तुझ्या नावावर लागलं, तर लोक तुलाच बोलतील. माझ्या नावाखाली तू झाकलेली आहेस. हे तुझ्यासाठीच आहे."

"तेच म्हणतीय मी कवापासनं," द्वारका म्हणाली.

"सत्यम?" शीलानं विचारलं.

सत्यम म्हणाला, "तात्या म्हणाले होते, एवढं खरंय." मग म्हणाला, "पण आता छापायला चाललंय ना ते."

"अजून चाललं नाय हो," रामप्रसाद मधेच म्हणाले आणि सगळ्यांनी त्यांच्याकडं असं बघितलं, की ते प्रूफाची पानं जुळवायला लागले.

शीलानं सासूकडं बघितलं नाही. तिथलं उत्तर दुपारीच मिळालं होतं. तिनं वडिलांकडं बघितलं.

"आबा, वाघर म्हणजे काय? सांगा ह्यांना."

मुंजाबा दारालगत उकिडवे बसले होते. त्यांनी आधी व्याह्यांकडं पाहिलं, मग जावयाकडं, मग मुलीच्या मांडीवरच्या नातीकडं.

"सायबांनी सांगितलं की."

"तुम्ही सांगा."

"आमचं काय, आमी अडाणी. आमच्यात म्हनत असतील येगळं कायतरी." ते उठले, धोतर झटकलं. "सायबांनी बुकं वाचल्याती. ते म्हनतात तेच आसंल."

"आबा!"

ते तिच्याजवळून बाहेर जाताना थांबले. दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या खाली आवाजात म्हणाले, "तुला नांदायचं हाय हितं, बाई." आणि पायताण शोधायला अंगणात गेले. राजाबाई त्यांच्या मागं गेली.

शीलाला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. टेबलावरचा एक कोरा कागद तिनं पुढं ओढला आणि एका मांडीवर पोरीला सांभाळत लिहायला लागली. तिचं सगळ्यात चांगलं पान होतं ते. पोरगी तापानं फणफणली होती त्या दिवशी लिहिलेलं. त्या पानाच्या पायथ्याशी आता वाघाची गुहा येणार होती आणि सगुणा गाठी सोडण्याऐवजी काटेरी फांद्या ओढणार होती. कन्नडपासून पैठणपर्यंत मेंढरामागं हिंडलेलं कुणीही ते वाचून हसणार होतं. परीक्षणं लिहिणारे हसणार होते, कॉलेजातली पोरं हसणार होती. पुस्तक जोवर वाचलं जाईल तोवर हसणार होती. तिच्या पानावरच हसणार होती, हेही तिला कळत होतं.

तिनं एक शब्द बदलला नाही. वाघ आणि घर. रिकाम्या गुहा. बाईला घ्यावा लागलेला आसरा. सगळं त्यांनी सांगितलं तसं, त्यांच्याच ऐटीत.

"टीप कुणाची म्हणू?" रामप्रसादांनी विचारलं. "संपादकांची?"

"नाही," शीला म्हणाली. "लेखकाची. खाली तात्यांचं नाव टाका. पूर्ण नाव टाका."

तात्यासाहेबांचा चेहरा सैल झाला. त्यांनी पुढं होऊन सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "शहाणी आहेस," ते म्हणाले. "मला माहीत होतं." द्वारकानं सुटकेचा श्वास टाकला आणि सत्यम एकदम पाणी आणायला म्हणून आत गेला.

"वच्छले, एकदा नजर घाल," तात्यासाहेबांनी कागद बायकोकडं दिला. मोतीबिंदू असला तरी या घरातला कुठलाच कागद वच्छलाबाईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापखान्यात जात नसे. "काही चुकलं नाही ना?"

वच्छलाबाईंनी चष्मा चढवला. त्यांनी टीप वाचली, आणि मग पुन्हा वरपासून वाचली. त्यांना वेळ लागला. शीला पोरीच्या तोंडात बाटली धरून त्यांच्याकडं बघत होती. आता सांगतील, असं तिला वाटलं. ओट्यावर दोरीचा तुकडा धरून दाखवलेलं सगळं आता सांगतील आणि नवऱ्याला वाचवतील. इतकी वर्षं तेच तर केलं होतं त्यांनी.

वच्छलाबाईंनी चष्म्याच्या वरून सुनेकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"नाही," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "काना, मात्रा, सगळं बरोबर आहे."

आणि कागदाची घडी घालून त्यांनी तो स्वतःच्या हातानं रामप्रसादांना दिला.